न लवणारी पापणी

रुळावरून सुटलेला चामड्याचा जाड गठ्ठा विहंगच्या अंगावर आला, आणि विहंगनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याची नजर चाळीस यार्डांवरच्या हिरव्या दिव्यावर होती. गठ्ठा छातीपासून हातभर अंतरावर आला तेव्हा त्यानं चेंडू सोडला. मग धडक बसली, तो गादीवर उताणा कोसळला, आणि तिकडे चेंडू हिरव्या दिव्याखालच्या जाळीत जाऊन अडकला.

"पापणी?" कोच मॅकॉर्डनं विचारलं.

काचेमागं बसलेल्या मृणालनं पडद्यावरचा आलेख पाहिला. विहंगच्या हेल्मेटमधला कॅमेरा त्याचे डोळे टिपत होता. गठ्ठा सुटल्यापासून धडक बसेपर्यंत सव्वा सेकंद गेला होता आणि आलेखाची रेघ सरळ होती.

"लवली नाही," ती म्हणाली.

कोचनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हसू लपवायची त्याची ती रीत होती.

विहंगनंतर कॉर्बिन हेल आला. संघातला दुसरा क्वार्टरबॅक. विहंग खेळत असला की हा बाकावर बसायचा. केंटकीच्या डोंगरातला, कमी बोलणारा मुलगा. आपण फेकलेला चेंडू जाळीतून आपणच जाऊन आणायचा. विहंगची यंत्रावर नऊशे सत्रं झाली होती, कॉर्बिनची साडेसहाशे. त्याची पापणी एकदा किंचित थरथरली, एवढंच.

"छान चाललंय तुझं, कॉर्बिन," मृणाल म्हणाली.

"थँक यू, मॅडम," तो म्हणाला आणि चेंडू आणायला गेला.

डॉ. मृणाल कानविंदे मूळची देवरूखची. पुण्यात शिकून अमेरिकेत आली, आणि आता बारा वर्षं ब्रॅडवुड विद्यापीठात मेंदूवर संशोधन करत होती. सात वर्षांची लेक ओवी आणि ती अशा दोघीच राहायच्या. विहंग हा न्यू जर्सीत राहणाऱ्या तिच्या थोरल्या भावाचा, हृषीकेशचा मुलगा. वय एकोणीस. गेली चार वर्षं अमेरिकन फुटबॉलमध्ये त्याच्या नावाचा नुसता गाजावाजा चालला होता.

हा फुटबॉल आपल्या पायानं खेळायच्या फुटबॉलसारखा नाही. इथे चेंडू हातात घेऊन फेकतात, आणि संघाचा सगळा डाव क्वार्टरबॅक नावाच्या एका खेळाडूवर उभा असतो. चेंडू हातात आला की त्याच्याजवळ जेमतेम अडीच सेकंद असतात. तेवढ्यात पुढे धावणाऱ्या पाच साथीदारांपैकी मोकळा कोण ते शोधायचं आणि त्याच्या हातात चेंडू पोचवायचा. त्याच अडीच सेकंदांत सव्वाशे-दीडशे किलोची माणसं त्याला आडवा करायला धावून येत असतात. शाळेत असताना विहंग त्यांना चुकवून पळून जायचा. एवढा चपळ मुलगा त्या राज्यात दुसरा नव्हता. त्याचे व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिले, चॅनेलवाल्यांनी त्याला पाच तारे दिले, एडिसनच्या महाराष्ट्र मंडळानं शाल-श्रीफळ दिलं. पण व्यावसायिक लीगमध्ये सगळेच चपळ असतात. तिथे पळून भागत नाही, माणसं अंगावर येत असताना जागच्या जागी उभं राहून लांब पाहावं लागतं. गाजावाजा झालेली बहुतेक मुलं तिथेच संपतात, कारण धडक जवळ आली की त्यांचे डोळे नकळत खाली जातात.

मृणालचं यंत्र नेमकं त्या नकळत होणाऱ्या गोष्टीवर चालायचं. आपल्या दिशेनं काही वेगानं आलं की पापणी मिटते, मान आत जाते, हात वर येतात. विचार करणाऱ्या मेंदूला पत्ता लागायच्या आत मेंदूच्या देठातून तसा हुकूम सुटलेला असतो. तो हुकूम किती जोराचा असावा, यात मात्र अमिग्डाला नावाच्या बदामाएवढ्या गाठीचा मोठा वाटा असतो. पूर्वी किती लागलं, किती भीती वाटली, याच्या खुणा तिथे जपलेल्या असतात. धोक्याची आठवण जागी झाली की काही काळ ती ओल्या सिमेंटसारखी असते. मृणालचं हेल्मेट नेमक्या त्या वेळी ध्वनिलहरींचा बारीक झोत कवटीतून आत सोडायचं आणि ती गाठ शांत करायचं. आठवण पुन्हा घट्ट व्हायची, पण तिच्यातली भीती थोडी कमी झालेली असायची. स्फोटातून वाचलेले आणि दार आपटलं तरी किंचाळणारे सैनिक यांच्यासाठी तिनं ते बनवलं होतं. ब्रॅडवुडच्या फुटबॉल विभागाला त्यात दुसरंच काही दिसलं.

भीती फक्त मैदानापुरतीच कमी होईल, असं मृणालनं धरलं होतं. गवत, जर्सी, हेल्मेट हे सगळं समोर असलं तरच.

विहंगला कुठल्या विद्यापीठात घालायचं यावर घरात खल चालला होता तेव्हा हृषीकेशनं तिला फोन केला होता. "मृणू, तुझ्या त्या यंत्रात खरंच दम आहे का?"

"दादा, बिनधास्त पाठव," ती म्हणाली होती. "मी आहे ना इथे."

भाचाच प्रयोगात आहे हे तिनं विद्यापीठाला लेखी कळवलं. त्याच्या नोंदी दुसऱ्या कुणीतरी तपासाव्यात असं ठरलं. तो दुसरा कुणी कधी नेमलाच गेला नाही, आणि तिनंही आठवण करून दिली नाही.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी विहंग नेहमीसारखा जेवायला आला. मृणाल मसालेभाताला फोडणी देत होती. खिडकीतून मागचं अंगण दिसत होतं. विहंग ओवीला झोका देत होता. ओवीची चप्पल उडाली तशी तो ती उचलायला झोक्यासमोर गेला, वाकला आणि वळून उभा राहिला. झोका त्याच्याच दिशेनं येत होता.

"दादा, सरक!" ओवी ओरडली.

त्यानं झोक्याकडे पाहिलं. मृणालला ते स्वच्छ दिसलं. तो बघत राहिला, आणि फळीची कड त्याच्या तोंडावर बसली.

ती धावत बाहेर गेली. ओठ फाटला होता, हनुवटीवरून रक्त ओघळत होतं. ओवी रडत होती आणि विहंग तिला समजावत होता.

"झोका दिसला नाही का तुला?"

"दिसला की."

"मग सरकला का नाहीस?"

विहंगनं खरोखरच आठवून पाहिलं. "सरकावंसं वाटलं नाही, आत्या."

सोमवारी सकाळी तिनं त्याला प्रयोगशाळेत बोलावलं. हेल्मेट नाही, जर्सी नाही. साधा टी-शर्ट घालून तो खुर्चीत बसला. तिनं त्याच्या चेहऱ्याच्या रोखानं स्पंजचा चेंडू सोडला. नाकाला लागून चेंडू खाली पडला, पापणी हलली नाही. समोरच्या मोठ्या पडद्यावर भरधाव ट्रक अंगावर येताना दाखवला. नाडीचे ठोके बासष्टच्या वर गेले नाहीत. शेवटी, त्याला न सांगता, तिनं खुर्ची मागं कलंडवली.

माणूस मागं पडू लागला की हात पसरतो. चार दिवसांचं तान्हं मूलही पसरतं. विहंग मागच्या गादीवर धप्पकन पडला तेव्हा त्याचे दोन्ही हात मांडीवर जिथल्या तिथे होते.

"हे काय होतं?" तो हसत म्हणाला.

मृणालला हसता आलं नाही. मेंदूनं जर्सी आणि गवत असा काही फरक केलाच नव्हता. 'अंगावर काहीतरी येतंय' एवढंच त्यानं ओळखलं होतं आणि त्याचीच भीती पुसून टाकली होती.

दुपारी ती कोच मॅकॉर्डच्या खोलीत गेली. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही.

"हे परत येतं का?" त्यानं विचारलं.

"उंदरांमध्ये आलं. यंत्र बंद केल्यावर चार-पाच महिन्यांनी. माणसांत कुणी पाहिलेलं नाही. तोवर त्याला खेळवू नका, कोच. पडताना तो स्वतःला सावरणार नाही."

"डॉक्टर, मी अठरा वर्षं पोरांना व्यावसायिक लीगमध्ये धाडतोय. ज्यांच्या नावानं चॅनेलवाले नाचत होते असे सात जण मी घडवले. पाच जण दोन वर्षांत घरी परत आले. एकाला अजून नीट चालता येत नाही. सगळे खाली बघायचे. धडक येताना खाली बघणारा पोरगा आखडतो, आणि आखडलेलं हाडच मोडतं. तुमच्या यंत्रानं माझी पोरं वाचतायत, असं मला वाटतं."

तो मनापासून बोलत होता.

"यंत्र आजपासून बंद," तो पुढे म्हणाला. "एवढं तुमचं ऐकलं. पण शनिवारी एल्डन स्टेटविरुद्धच्या सामन्यात तो उतरणार. त्याला बघायला तेवीस व्यावसायिक संघांची माणसं येतायत. हा दिवस त्याचा आहे, माझा नाही."

संघाच्या डॉक्टरांनी खांदे उडवले. "त्याला जखम नाही, ताप नाही. न घाबरणं ही दुखापत मी कुठल्या रकान्यात लिहू?"

तिनं विद्यापीठाच्या सुरक्षा समितीला तातडीचा अर्ज पाठवला. अर्जात एकच नाव होतं, विहंग कानविंदे. समितीची बैठक पुढच्या बुधवारी ठरली. म्हणजे सामना होऊन गेल्यावर चार दिवसांनी.

गुरुवारी सराव संपल्यावर विहंग स्टेडियमच्या पायऱ्यांवर एकटाच बसलेला तिला दिसला. ती शेजारी जाऊन बसली.

"बाबांना फोन केलास ना तू?" त्यानं विचारलं. "ते येतायत उद्या. फार चिडलेत."

"मला तुझ्याशी बोलायचंय. शनिवारी खेळू नकोस. पोटात दुखतंय सांग, काहीही सांग."

"आत्या, तुला एक गोष्ट माहीत नाही. कुणालाच नाही." तो रिकाम्या मैदानाकडे बघत होता. "नववीपासून प्रत्येक मॅचच्या सकाळी मी उलटी करायचो. आईला आवाज जाऊ नये म्हणून नळ सोडायचो. सगळे म्हणायचे, पुढचा मोठा खेळाडू हाच. आणि मला वाटायचं, आज कळणार. आज या सगळ्यांना कळणार की मी किती घाबरट आहे. म्हणून मी पळायचो ना. लोकांना वाटायचं, काय चपळ पोरगा आहे!"

मृणाल त्याच्याकडे वळून बसली.

"आता मी सकाळी उठतो आणि पोट शांत असतं. डोकं शांत असतं. मी नाश्ता करतो, आत्या! मॅचच्या दिवशी! हे तू मला दिलंस. आणि आता तूच परत घ्यायला निघालीस."

"खुर्ची मागं गेली तेव्हा तुझे हात मांडीवर होते, विहंग."

"मला लागलं का?"

"खाली गादी होती म्हणून नाही लागलं."

"मग शनिवारी बघू," असं म्हणून तो उठला.

शुक्रवारी हृषीकेश आला. विमानतळावरून तो थेट तिच्या घरी आला, पण चहाला हात लावला नाही. "तू म्हणालीस बिनधास्त पाठव. त्या शब्दावर मी पाठवला. आता म्हणतेस बाहेर बसव. यातल्या कुठल्या मृणूचं मी ऐकू, ते सांग."

"आत्ताच्या."

"तेव्हाही तू आत्ताचीच होतीस." त्याचा आवाज चढला. ओवी दारात येऊन उभी राहिली तसा त्यानं तो खाली आणला. "एक दिवस जाऊ दे. रविवारी तू म्हणशील त्या डॉक्टरकडे मी त्याला घेऊन जातो. बारा वर्षं घाम गाळलाय पोरानं."

शनिवारी दुपारी साठ हजार माणसांनी स्टेडियम भरलं. मृणाल खाली, खेळाडूंच्या बाकामागच्या रांगेत होती. हृषीकेश समोरच्या बाजूला बसला होता. त्यानं मुलाच्या नावाची जर्सी घातली होती.

विहंगचा खेळ बघून तेवीस संघांची माणसं पुढे सरसावून बसली. तो उभा राहायचा, बघायचा, फेकायचा. मागून कोण येतंय, डावीकडून कोण येतंय, याचा त्याच्या चेहऱ्यावर मागमूस नसायचा. मध्यंतराला ब्रॅडवुड सतरा गुणांनी पुढे होतं. आपलंच चुकलं असेल, असं मृणालला क्षणभर वाटूनही गेलं.

तिसऱ्या सत्रात एल्डनचा एक दांडगा खेळाडू विहंगच्या पुढ्यात उभ्या साथीदारांची भिंत फोडून मोकळा सुटला. विहंगनं त्याला पाहिलं. कुठलाही क्वार्टरबॅक अशा वेळी अंग चोरून खाली बसला असता. विहंग उभा राहिला, चेंडू फेकला आणि मग उचलला जाऊन मागं आपटला. पडताना त्याचे हात पसरले नाहीत. पोतं टाकावं तसा तो पडला, आणि डोकं जमिनीवर आदळून एकदा वर उसळलं. तो उठला. बाकाकडे बघून अंगठा दाखवला. कोचनं पुढचा डाव पुकारला.

मृणाल पळत सुटली.

स्टेडियमच्या सर्वांत वरच्या मजल्यावर एका काचेच्या खोलीत एक तटस्थ डॉक्टर बसतो. एखाद्या खेळाडूच्या डोक्याला मार लागलाय असं दिसलं, तर तो थेट पंचांना फोन करून त्याला मैदानाबाहेर काढू शकतो. तिथे कोचचंही चालत नाही. पाच मजले चढून मृणाल तिथे पोचली तेव्हा तिला धाप लागली होती. गळ्यातलं ओळखपत्र बघून दारावरच्या रक्षकानं तिला आत सोडलं. आत डॉ. फर्नली नावाचे वृद्ध शल्यचिकित्सक पडद्यावर तीच धडक पुन्हा पुन्हा बघत होते.

"क्रमांक सात," ती म्हणाली. "त्याला बाहेर काढा."

"तेच बघतोय मी. हा बेशुद्ध माणसासारखा पडला. पण लगेच उठलाही. चालही सरळ आहे."

"तो शुद्धीवरच होता. पडताना हात पसरायची उपजत खोड त्याच्यात राहिलेली नाही. माझ्या यंत्रानं ती काढून टाकली. मी डॉक्टर कानविंदे. लेखी हवं असेल तर आत्ता देते."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे टक लावून पाहिलं. "हे बोलल्यावर उद्या तुमची नोकरी राहील?"

"नाही राहणार."

त्यांनी फोन उचलला.

काचेतून तिला दिसलं. पंचानं शिट्टी वाजवली आणि क्रमांक सातला बाहेर जायची खूण केली. विहंग हात पसरून काहीतरी सांगत होता. कोचनं टोपी काढून जमिनीवर आपटली. साठ हजार माणसं हुर्यो करू लागली. विहंग मान खाली घालून बाहेर आला. पोर वाचलं, असं मृणाल मनाशी म्हणाली आणि खोलीबाहेर पडली.

तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावर तिला ध्वनिक्षेपक ऐकू आला.

"ब्रॅडवुडकडून आता येतोय क्रमांक चौदा, कॉर्बिन हेल!"

ती कठड्याला धरून उभी राहिली. साडेसहाशे सत्रं. सोमवारपासून शनिवारपर्यंत ती कोचकडे गेली, डॉक्टरकडे गेली, समितीकडे गेली, भावाशी भांडली. या सगळ्यात हे नाव तिच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. मनातही आलं नव्हतं.

ती पुन्हा वर धावली. रक्षक जेवणाच्या सुट्टीवर गेला होता आणि दुसराच कुणी दारात होता. तो तिचं ओळखपत्र उलटसुलट करून बघू लागला. "आत्ताच येऊन गेले मी! मला आत जाऊ द्या, एक मिनिट!" त्याच्या खांद्यावरून, काचेपलीकडे, तिला मैदान दिसत होतं.

पहिला डाव सुखरूप गेला. दुसऱ्या डावात कॉर्बिनच्या डाव्या बाजूची भिंत ढासळली. त्यानं येणाऱ्या माणसाला पाहिलं. मग शांतपणे लांब पाहिलं आणि फेकलं. चेंडू पन्नास यार्डांवर साथीदाराच्या हातात अलगद विसावला. स्टेडियम उसळलं. सगळ्यांच्या नजरा चेंडूमागं गेल्या. मृणाल तेवढी कॉर्बिनकडे बघत होती. तो मागं पडला, हात अंगाला चिकटलेले. आधी मान जमिनीवर टेकली, मग बाकीचं शरीर तिच्यावर आलं.

तो उठला नाही.

कॉर्बिनच्या मानेचा मणका मोडला होता. त्याच संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली. पायांत तिसऱ्या आठवड्यात जीव आला. उजवा हात मात्र पुढे कित्येक महिने लुळा राहिला. विहंगच्या सगळ्या तपासण्या झाल्या आणि त्यांत काहीही निघालं नाही. तो खेळत राहिला असता तर त्याला काही झालं असतं की नाही, हे कुणालाच सांगता येणार नव्हतं.

हृषीकेश इस्पितळाच्या वाहनतळावर तिला भेटला. तिचे हात हातात घेऊन तो रडला. "मृणू, माझं पोर वाचवलंस तू. मी काय काय बोललो तुला!" तिला त्याचे हात सोडवून घ्यावेसे वाटले.

विहंगनं तिला एकच वाक्य ऐकवलं. "तू मला बाहेर काढलंस म्हणून तो आत गेला." नंतर चार महिने तो तिच्याशी बोलला नाही.

चौकशी जानेवारीत झाली. आदल्या दिवशी विद्यापीठाच्या वकिलीणबाईंनी तिला कागदावर एक उत्तर लिहून दिलं. 'उपलब्ध माहितीनुसार चिंता एका खेळाडूपुरतीच मर्यादित होती.' "यात खोटं काहीच नाही," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याची चाचणी तुम्ही घेतलीच नव्हती. तुमचं पद वाचेल."

सभागृहात दुसऱ्या रांगेत एक रुंद खांद्यांची बाई बसली होती. कॉर्बिनची आई, लोर्ना हेल. केंटकीत ती शाळेची बस चालवायची.

"दोघांवर एकच प्रयोग चालू होता," समितीच्या अध्यक्षांनी विचारलं. "विहंगमध्ये दोष दिसल्यावर तुम्ही कॉर्बिन हेलची चाचणी का घेतली नाही? खुर्ची तिथेच होती. पाच मिनिटांचं काम होतं."

मृणालनं कागद उलटा ठेवला.

"कारण तो रविवारी माझ्या घरी जेवायला येत नव्हता," ती म्हणाली.

यंत्रावर त्याच दिवशी बंदी आली. आठवड्याभरात मृणालनं आपली खोली रिकामी केली. पुढे कोच मॅकॉर्डलाही जावं लागलं.

चौकशीनंतर लोर्ना तिला दालनाबाहेर आडवी आली.

"खरं बोललात म्हणून मी तुम्हाला माफ करणार नाही," ती म्हणाली.

"मी तशी अपेक्षाही केलेली नाही."

"डॉक्टर लोक त्याची मान बघतात, हात बघतात. पण परवा गॅसपाशी भडका उडाला आणि हा तसाच उभा राहिला. ते दुसरं, ते कुणाला बघता येतं?"

"मला."

"मग दर मंगळवारी या."

त्या मंगळवारपासून मृणाल जाऊ लागली. ओवीला शाळेत सोडून अडीच तास गाडी हाकायची, कॉर्बिनच्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॅमेरा लावायचा, स्पंजचा चेंडू सोडायचा, नोंद करायची. रेघ सरळ. पुढच्या मंगळवारीही सरळ. कॉर्बिन प्रत्येक वेळी "थँक यू, मॅडम" म्हणायचा, आणि ती कॅमेरा पिशवीत भरून परत निघायची. लोर्नानं मार्चपर्यंत तिला पाण्यालाही विचारलं नाही.

मार्चमध्ये विहंगचा फोन आला. रस्त्यात कुणीतरी जोरात हॉर्न वाजवला आणि तो दचकून पदपथावर चढला होता. "बराच वेळ पाय थरथरत होते, आत्या," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "कॉर्बिनचं काही?"

"अजून नाही."

विहंगनं ब्रॅडवुड सोडलं होतं. घराजवळच्या एका लहान कॉलेजच्या संघात तो गेला. तिथे त्याच्या नावाचे फलक लागले नाहीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो मृणालकडे आला आणि मंगळवारी गाडी चालवायला बसला. कॉर्बिनच्या दारात तो बराच वेळ उभा राहिला. कॉर्बिननंच डाव्या हातानं त्याचा दंड धरून त्याला आत घेतलं.

त्या दिवशी कॉर्बिन टेबलाशी बसून उजव्या हातानं घेवड्याचा एकेक दाणा उचलून वाडग्यात टाकत होता. तो त्याचा रोजचा व्यायाम होता. विहंग त्याच्यामागे उभा होता. लोर्ना भांडी विसळत होती. मृणाल कॅमेरा काढायला पिशवीवर वाकली होती. तेवढ्यात लोर्नानं ओलं फडकं पिळलं आणि काही न बोलता लेकाच्या तोंडावर भिरकावलं.

कॉर्बिनचं डोकं झटकन खाली गेलं. खुर्ची फरशीवर करकरली. फडकं त्याच्या केसांवरून जाऊन विहंगच्या छातीवर आदळलं.

मृणालच्या हातात कॅमेरा तसाच होता, बंद.

"रोज सकाळी एकदा टाकते मी," लोर्ना म्हणाली. ती मृणालशी बोलत होती, पण डोळे लेकावर होते. "रोज तोंडावर बसतं त्याच्या. रोज."

तिनं जाऊन विहंगच्या हातातून फडकं घेतलं आणि परत ओट्यापाशी उभी राहिली. तिनं हात खांद्यामागे नेला.

"आई, नको ना!" कॉर्बिन ओरडला. फडकं सुटायच्या आतच त्याचे डोळे गच्च मिटले आणि हात तोंडासमोर वर आले. आधी डावा आला. उजवा जरा मागून आला, पण आला.